लाल टोपीवालीची गोष्ट तिसरीच्या मुलांसाठी लिहितेय. आजीला गिळू द्यावं का?

पाटीदप्तर

नमस्कार. इंदापूर तालुक्यात माळावरच्या एका वस्तीशाळेत मी दुसरी-तिसरीला शिकवते. वर्गासाठी गोष्टींची मोठी पुस्तकं मी घरीच करते. चार्ट पेपर, जाड मार्कर, पानाला दोन-तीन ओळी, मागच्या रांगेतल्यालाही वाचता येईल असं अक्षर. आत्तापर्यंत सगळ्या आपल्याकडच्याच गोष्टी केल्या. आता लाल टोपीवाली घेतलीय (रानातून आजीकडे खाऊ आणि वाईन घेऊन निघालेली नात, आणि आधी आजीला, मग तिलाही गिळणारा लांडगा, ती परदेशी गोष्ट) आणि अडून बसलेय.

निमित्त असं झालं, की कुणीतरी शाळेला पुस्तकांचा गठ्ठा भेट दिला. त्यातल्या लाल टोपीवालीत लांडगा आजीला कपाटात कोंडतो, मग पकडला जातो, ‘सॉरी’ म्हणतो आणि सगळे मिळून केक खातात. वर्गात वाचलं. पुस्तक मिटायच्या आत मागून एक जण म्हणाला, “बाई, लांडगं कडी लावतंय व्हय कपाटाला?” सगळा वर्ग लोळायचा बाकी राहिला. हसून झाल्यावर पुढची एक मुलगी एकदम गंभीरपणे म्हणाली, “आन् त्याच्या पोटाचं काय मग? उपाशीच ऱ्हायलं का ते?” याचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

या पोरांना लांडगा चित्रातून भेटलेला नाही. आमच्याकडे तो झाडीत नसतो, गवताळ माळावर असतो, आणि वर्गातली निम्मी मुलं मेंढपाळांची. कोकरू उचलून नेताना पाहिलेलं असतं. एका मुलाची आजी मला म्हणाली होती, “त्याचा वाटा असतोच की बाई, ते काय भाकरी थापून खाणार हाय?” अशा मुलांपुढे सॉरी म्हणणारा लांडगा ठेवायचा म्हणजे मलाच कसंतरी होतं.

पण दुसरी बाजू अशी. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आईबाप कोकणात उतरतात ते पावसाच्या तोंडावर परततात. शाळेतली पोरं मागे आजीजवळ राहतात. रात्री अंथरुणात शेजारी आजीच असते. तिलाच मी लांडग्याच्या पोटात घालू?

शिवाय तो शिकारी. ऐनवेळी कुठून तरी येतो, पोट फाडतो, संपलं. मुलगी शेवटपर्यंत काहीच करत नाही. हे मला लहानपणीही खटकायचं. तर गिळायचं का, शिकारी ठेवायचा का, आणि टोपलीतल्या वाईनच्या बाटलीचं काय करायचं, एवढं सांगा. या गावात बाटली काढून दाखवायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

इराची आई

माझं मत स्पष्ट आहे. नका गिळू देऊ. माझी इरा साडेचार वर्षांची आहे. मूळ गोष्ट तिला मामाने मोठ्या हौसेने, आवाज काढून सांगितली. पुढचे काही दिवस बाथरूमचा दिवा बंद करू देत नव्हती. लहान मुलांना भीती घालून काय मिळतं? कपाटवाली गोष्ट इतकी वाईट नाही. गोड शेवट आहे, मूल शांत झोपतं, आईही झोपते.

सदाशिव_पेठी

मुळात ही गोष्ट हवीच कशाला? ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ आहे ना आपली. तिथेही रान, तिथेही खायला टपलेला वाघ, तिथेही म्हातारी. आणि आपली म्हातारी कुणाच्या पोटात जात नाही, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ म्हणून वाघालाच गंडवते. परकी टोपी घालायची गरज काय?

पाटीदप्तर

@सदाशिव_पेठी भोपळा वर्गात कधीच झालाय, आणि पोरांना तोंडपाठ आहे. चिऊ-काऊ पण झालंय, तव्यावर काऊचं ढुंगण भाजण्यासकट. त्यावर एकही मूल घाबरलेलं नाही, उलट तेच पान परत परत मागतात. म्हणून तर प्रश्न पडला, की परदेशी गोष्टीचेच दात आपण का काढतो.

कासलची_काकू

पाटीदप्तर ताई, तुमचा धागा बघून राहवलं नाही. आम्ही बरीच वर्षं जर्मनीत कासलला राहतो. ही गोष्ट ज्यांच्या पुस्तकामुळे जगभर गेली त्या ग्रिम भावांचं गाव म्हणा ना, आयुष्याचा मोठा काळ त्यांनी इथे काढला. इथल्या एका बालवाडीत मी आठवड्यातून एकदा मुलांना वाचून दाखवायला जाते, आणि लाल टोपीवाली तर ठरलेली. त्यामुळे जरा लांबण लावते, कंटाळलात तर पुढे सरका.

पहिलं म्हणजे ‘मूळ गोष्ट’ असं काही एक नाही. छापील स्वरूपात ती आधी फ्रान्समध्ये आली, शार्ल पेरोच्या 1697 च्या पुस्तकात. त्यात शिकारी नाहीच. लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो, गोष्ट खलास. खाली एक कविता, की मुलींनो, गोडबोल्या लांडग्यांपासून जपा. तो दरबारी मोठ्या माणसांसाठी लिहीत होता, ते वाचताना कळतं. ग्रिमांची 1812 ची. त्यांना ती इथल्याच हासनफ्लुग घराण्यातल्या बहिणींनी सांगितली, आणि त्या घराण्याची मुळं फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांत. म्हणजे जर्मनांची म्हणून जी मिरवतात ती गोष्टही फ्रेंच घरातून फिरून आलेली. पोट फाडून दोघींना जिवंत बाहेर काढणं ग्रिमांच्या पुस्तकात आहे.

आणि ग्रिमांनी तरी कुठे हात लावला नाही? दोघा भावांतला विल्हेल्म प्रत्येक आवृत्तीत वाक्यं घासत होता, शेवटची 1857 ची. त्यांच्याच दुसऱ्या गोष्टीतल्या हान्सेल-ग्रेटेल या भावंडांची सख्खी आई पुढच्या आवृत्त्यांत सावत्र झाली ती त्याच्याच हातून. 1825 मध्ये खास मुलांसाठी निवडक 50 गोष्टींचं छोटं पुस्तक काढलं, धाकट्या भावाची चित्रं घालून. तेव्हा बदल करायला तुम्ही कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही. बदल काय करता एवढाच प्रश्न.

आता गिळण्याचं. इराची आई, इराच्या मामांनी बहुतेक चावून खाल्लं असणार! ग्रिमांचा लांडगा चावत नाही. अख्खं गिळतो. रक्त नाही, हाड नाही. अख्खं आत गेलं की अख्खं बाहेर येणार, हे मुलांना आपल्याआधी कळतं. कात्रीचं पान आलं की आमच्या बालवाडीत पोरं पुढे सरकून बसतात. मुलगी बाहेर उडी मारते आणि म्हणते, केवढी घाबरले मी, आत किती अंधार होता! तिथे हमखास कुणीतरी विचारतं, वास येत होता का? एवढीच त्यांची चिंता.

घाबरतात ती दुसरीकडे. लांडगा आजीचे कपडे घालतो, टोपी डोक्यावर ओढतो, पलंगावर आडवा होतो आणि पडदे ओढून घेतो. मुलगी येते तर दार उघडंच. तिथे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. ओळखीच्या अंथरुणात अनोळखी कुणीतरी, ती खरी भीती. तुमच्या मुलांचं आजीशी जे नातं सांगितलंत, त्यात जपायचं असेल तर हे पान जपा. चित्रात लांडग्याचं पूर्ण तोंड दाखवू नका. चादरीतून वर आलेला कान दाखवा, पंजाचं एक टोक दाखवा. मुलं बरोबर ओरडतात, “तो लांडगाय, तो लांडगाय!” मुलीच्या आधी आपल्याला कळलं याचा आनंद भीतीवर मात करतो.

संवादही मोडू नका. कान, डोळे, हात, तोंड, या क्रमानं ग्रिमांकडे चार प्रश्न आहेत. तिसऱ्याला मुलं तुमच्यासोबत म्हणायला लागतात. आणि तुम्ही स्वतः पुस्तक बांधताय तर एक करा: तोंडाचा प्रश्न उजव्या पानाच्या अगदी तळाला येऊ द्या, उत्तर पान उलटल्यावर. पान उलटायला एखाद्या मुलालाच बोलवा. कुणी पटकन उलटत नाही, मजा बघा.

वाईन. अहो, ती आजारी आजीला ताकद यावी म्हणून पाठवलेली. पण तुम्ही एकट्या नाही. 1990 च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियात शाळांच्या यादीतून लाल टोपीवालीचंच एक पुस्तक बाटलीपायी काढलं होतं. लांडगा गिळतो त्याला हरकत नव्हती हं, बाटलीला होती. तुमची अडचण पेरो सोडवतो. त्याच्या टोपलीत बाटली नाहीच. चपटी पोळीसारखी भाजलेली गोड रोटी आणि लोण्याचं छोटं मडकं आहे. लोणी घ्या. ग्रिमांकडे आई बजावते, की वाट सोडून धावू नकोस, पडशील आणि बाटली फुटेल. मडकंही फुटतंच, सूचना तशीच राहते.

आणि आता जे सांगायला मी एवढी लिहीत बसले ते. ग्रिमांच्या पुस्तकात ही गोष्ट शिकाऱ्याशी संपतच नाही! पुढे एक छोटा तुकडा आहे, जो चित्रांच्या पुस्तकांत सहसा नसतो. लाल टोपीवाली पुन्हा एकदा खाऊ घेऊन निघते, दुसरा लांडगा भेटतो. ही थांबत नाही, सरळ आजीकडे जाते आणि सांगते, की एक जण भेटला, बोलला गोड पण डोळे वाईट होते. आजी म्हणते, दार लावून घेऊ. लांडगा दार ठोठावतो, “आजी उघड, मी लाल टोपीवाली, केक आणलाय.” दोघी चिडीचूप. तो घराभोवती फिरतो आणि शेवटी छपरावर चढून बसतो, की संध्याकाळी ही घरी निघाली की अंधारात गाठू. आजीला त्याचा डाव कळतो. दारापुढे मोठी दगडी डोण आहे. आजी सांगते, काल सॉसेज उकडली त्याचं पाणी बादलीनं नेऊन डोणीत ओत. मुलगी पाणी वाहते, डोण काठोकाठ भरते. वास वर जातो. (सॉसेज ज्यांना माहीत नाहीत त्यांनी मटणाची अळणी शिजताना घरभर सुटतो तसा वास समजा.) लांडगा हुंगतो, मान लांबवतो, आणखी लांबवतो, तोल जातो आणि छपरावरून घसरून थेट डोणीत. बुडतो. मुलगी आनंदानं घरी जाते.

शिकारी नाही, सॉरी नाही. आजीचं डोकं आणि नातीचे हात. तुम्हाला हवं ते सगळं 1812 पासून पुस्तकात पडून आहे.

चुलीपाशी

काकू, छान. मी लोककथांच्या अभ्यासातला माणूस, म्हणून एक भर. फ्रान्समध्ये निएव्र भागात 1885 च्या सुमारास तोंडी सांगितली जाणारी एक गोष्ट उतरवून घेतलीय. त्यात मुलीला लाल टोपीच नाही आणि समोर लांडगा-माणूस आहे. दोन वाटा फुटतात, एक सुयांची, एक टाचण्यांची. मधले काही प्रसंग मुलांपुढे सांगण्यासारखे मुळीच नाहीत, ते सोडा. पण शेवट ऐका. मुलगी पलंगातून म्हणते, मला बाहेर जायचंय. तो म्हणतो, इथेच कर. ती हटून बसते. शेवटी तो तिच्या पायाला दोरा बांधून सोडतो. ती अंगणात जाऊन दोरा आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि धूम ठोकते. तो आतून विचारत राहतो, झालं का गं? उत्तर येत नाही. धावत सुटतो, पण ती घरात शिरते त्याच क्षणी दाराशी पोचतो.

सांगायचं एवढंच, की दरबारातल्या आणि पुस्तकातल्या मंडळींनी तिला भोळी केली. चुलीपाशी सांगणाऱ्या बायकांची मुलगी बऱ्यापैकी चालू होती. सदाशिव_पेठी, तुमच्या भोपळ्यातल्या म्हातारीची ही नातच की.

इराची आई

‘बाहेर जायचंय’ हा शेवट इराला सांगितला. तिला तो एवढा आवडला की आता रोज झोपताना तीच युक्ती माझ्यावर चालते. धन्यवाद म्हणू की काय म्हणू! गिळण्याबद्दल माझं मत मात्र तेच. साडेचार आणि आठ वर्षं यात फरक आहे.

पाटीदप्तर

इराची आई, फरक आहेच, मान्य. मी तिसरीपुरतंच बोलतेय.

काकू, तुमचा तो दुसरा तुकडा मी वर्गात नुसता तोंडी सांगून बघितला. ‘पोटाचं काय’ विचारणारी ती मुलगी हरखून गेली. म्हणाली, “बाई, पयल्यांदा पोट भरलं म्हणून झोपलं आन् घावलं, दुसऱ्यांदा पोट रिकामं म्हणून पडलं.” मी बघतच राहिले. खरंच की. पहिला लांडगा खाऊन सुस्तावतो, घोरतो, म्हणून तर शिकाऱ्याला बाहेरून ऐकू येतो. दुसरा वासाला भुलतो. सगळी गोष्ट त्या पोटावर चालते. कपाटवाल्यानं पोटच काढून घेतलं आणि मग लांडग्याला करायला काही कामच उरलं नाही, म्हणून त्याला सॉरी म्हणायला लावलं.

तर ठरलं असं. दोन्ही भाग घेणार. पहिल्यात गिळणार, अख्खं. शिकारी राहील, पण एका पानापुरता. कात्री त्याची, पोटात भरायचे दगड मात्र लाल टोपीवालीच आणते, ग्रिमांकडेही तीच आणते ना? ते दगड गोळा करतानाचं पान मी मोठं करणार. आमच्या माळावर दगडांना तोटा नाही, कुठला उचलेल याची चर्चा वर्गातच होईल. टोपलीत लोणी. आणि रान जर्मनीचंच राहील, ओकची मोठी झाडं, हेझलच्या झुडपांचं कुंपण. मी तिला माळावर आणून साडी-परकर नेसवणार नाही. आमच्या पोरांना आपला लांडगा कुठे राहतो ते पक्कं ठाऊक आहे, तिकडचा रानात राहतो हेही कळू दे.

लांडगा दुष्ट का भुकेला, यावर मी एकही शब्द लिहिणार नाही. तो बोलतो गोड आणि त्याला भूक आहे, बस. ‘त्याचा वाटा’ म्हणणाऱ्या घरातली मुलं आहेत, काय ते ठरवतील.

शेवटाच्या पानांचा कच्चा मसुदा टाकते. मोठ्यानं वाचून बघा, कुठे अडखळतं ते सांगा.

> लांडगा चढला छपरावर.
> बसला दबा धरून. अंधार पडू दे. पोर निघू दे.
>
> आजी हळूच म्हणाली, “सॉसेज उकडल्याचं पाणी आहे ना कालचं? ओत डोणीत.”
> लाल टोपीवालीनं बादली उचलली.
> एक बादली. ओतली.
> दुसरी बादली. ओतली.
> डोण भरली काठोकाठ.
>
> वास निघाला. दारावरून वर. भिंतीवरून वर. छपरावर.
> लांडग्याचं नाक हललं.
> मान झाली लांब.
> अजून लांब.
> अजून

इथे पान उलटायचं. पुढच्या पानावर एकच शब्द, सगळ्या पानभर: धबाक!

एक अडचण चित्राची. छप्पर कसलं काढू? कौलांचं की गवताचं? आणि टोपी नक्की कशी असते? आमच्या भेट आलेल्या पुस्तकात तर पाठीवर लोंबणारी मोठी खोळ आहे.

कासलची_काकू

मसुदा झकास. फक्त “कालचं” आधी घ्या, “कालचं सॉसेज उकडल्याचं पाणी आहे ना?” मोठ्यानं वाचताना श्वास बरोबर पडतो. हो, दगड तीच आणते, तुमचं बरोबर आहे.

छपराला लाल कौलं काढा, चांगली उतरती, नाहीतर लांडगा घसरणार कसा! भिंती पांढऱ्या आणि त्यांत काळपट लाकडाच्या आडव्या-तिरप्या चौकटी, इकडची जुनी घरं तशीच आहेत. आजीचं घर गावात नाही, रानात अर्ध्या तासावर, तीन मोठ्या ओकच्या झाडांखाली.

टोपीचं म्हणाल तर ग्रिमांनी लाल मखमलीची छोटी टोपी लिहिलीय, आजीनंच दिलेली. इथून दक्षिणेला श्वाल्म नावाचा भाग आहे, ते लोक लाल टोपीवाली आमचीच म्हणून सांगतात. त्यांच्या जुन्या पोशाखात केस डोक्यावर वर गोळा करून बांधतात आणि त्या अंबाड्यावर इवलीशी टोपी बसवतात. लग्नाआधी लाल, नवी लग्न झालेलीची हिरवी, पुढे जांभळी, आणि म्हातारीची काळी. गोष्ट लिहिताना ग्रिमांच्या डोळ्यांपुढे तीच होती असं मी म्हणणार नाही, पण चित्रात फार सुरेख दिसते. आजीला काळी, नातीला लाल काढा. दोर हनुवटीखाली बांधलेला. फोटो हवा असेल तर इथेच टाकते उद्या, घरात कुठेतरी जत्रेतला आहे.